चर्चा करावी

व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प होतं आणि विषय होता भारताचं परराष्ट्र धोरण. शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला. प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये दिवसभराच्या उन्हाची धग अजून मुरलेली होती, नुकत्याच मारलेल्या सड्यामुळे मातीचा वास येत होता आणि खांबांना बांधलेले पंखे वक्त्यांच्या आवाजाशी झगडत होते. वक्ते चांगले बोलत होते. समोर कागद नाही, सनावळ्या तोंडपाठ, मधूनच एखादा किस्सा. ओघात ते म्हणाले, "आणि मग के. सुब्रह्मण्यम, म्हणजे आपल्या जयशंकरांचे वडील बरं का!" मांडवातून "अच्छा, अच्छा" असा समाधानी हुंकार उठला, माझ्या शेजारच्या बाईंनी ओळख पटल्यासारखी मान डोलावली आणि वक्ते पुढच्या मुद्द्यावर गेले. सगळं मिळून सहा-सात सेकंद.

मला ते लागलं. का लागलं हे तेव्हा कळलं नाही. पर्समधली पेन्सिल काढून मी कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, "सुब्रह्मण्यम यांनी स्वतः काय केलं, त्यावर दोन मिनिटं बोलाल का?" घडी घातली. शेवटी अध्यक्षांनी प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागवल्या तेव्हा दोन-तीन जण उठले. मी नाही उठले. वक्ते दुसऱ्या दिवशीही तेच होते, विषयाचा उत्तरार्ध होता, तेव्हा उद्या बघू असं मनाशी म्हणत घरी आले. चिठ्ठी पर्समध्येच राहिली. रात्री मात्र झोप लागेना.

नात्यावरून ओळख होणं मला नवं नाही. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, शाखा अभियंता म्हणून धरणाच्या वसाहतीत राहिले, पावसात कालव्यावरून फिरले, तरी लग्नाकार्यात मी कुणाची तरी मिसेस, कुणाची तरी आई आणि आता कुणाची तरी आजी. त्यात प्रेम असतं, मी ते नाकारत नाही. पण माणसाने आयुष्यभर जे केलं ते त्या नात्याच्या मागे झाकलं जातं, आणि झाकणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं. जयशंकर परराष्ट्रमंत्री आहेत, त्यांचं नाव घरोघरी आहे, वडिलांची ओळख मुलावरून करून देणं सोपं आहे. पण सुब्रह्मण्यम यांचं काम असं की त्याला दुसरी सोपी ओळखच नाही. ते मंत्री नव्हते, राजदूत नव्हते, सेनापती नव्हते. दिल्लीतल्या एका अभ्यास संस्थेचे ते संचालक होते. आजच्या भाषेत थिंक टँक. हा माणूस वाचायचा, विचार करायचा, लिहायचा आणि लिहिलेलं वरच्यांना द्यायचा. वरच्यांनी ते वाचलं तर वाचलं.

मी त्यांना प्रथम वाचलं ते धरणाच्या वसाहतीतल्या क्लबात. क्लब म्हणजे एक कॅरम, एक टेबलटेनिसचं मोडकं टेबल आणि एक वाचनाची खोली. इंग्रजी वर्तमानपत्र तिथे दोन दिवसांनी यायचं, एसटीच्या टपावरून आलेलं, कडा ओलसर. माझं इंग्रजी बेतास बात. सुरुवातीला शेजारी डिक्शनरी घेऊनच बसायचे. पण त्यांचे लेख मला समजायचे, कारण ते आमच्या टिपणीसारखे असत. आधी वस्तुस्थिती, मग पर्याय, मग प्रत्येक पर्यायाची किंमत, मग शिफारस. विशेषणं जवळजवळ नाहीत. अण्वस्त्रं, चीन, हिंदी महासागर, संरक्षणाचा खर्च, या विषयांशी माझा संबंध काय होता? काहीच नाही. तरी एखादा मोठा अभियंता पूल कसा तपासतो हे उभं राहून बघावं, तसं मी ते वाचत असे. माणूस देशाचा पाया ठोकून ठोकून बघतो आहे, कुठे पोकळ आवाज येतो ते सांगतो आहे, असं वाटायचं.

जन्म १९२९ चा, तिरुचिरापल्लीचा. शिक्षण रसायनशास्त्राचं, एम.एस्सी., आणि १९५१ मध्ये आयएएस. चीनशी युद्ध झालं त्या काळात ते संरक्षण मंत्रालयात उपसचिव होते. १९६२ चा तो हिवाळा ज्यांनी त्या इमारतीत बसून पाहिला, त्यांना पुढे साध्या शब्दांवर विश्वास ठेवणं अवघड गेलं असणार. त्याच मंत्रालयात नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव आले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला हे आपण शाळेपासून ऐकतो, आणि ऐकताना डोळ्यांपुढे उभा राहतो तो मोर्चा, सैन्य, सीमा. पण यशवंतरावांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळात आणखी एक गोष्ट उभी राहिली, तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. ११ नोव्हेंबर १९६५ ला, पाकिस्तानशी युद्ध थांबून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, दिल्लीत इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड अ‍ॅनालिसिस सुरू झाली. पैसा संरक्षण मंत्रालयाचा, पण संस्था स्वायत्त. देवराष्ट्रेच्या माणसाला वाटलं की देशाला जशा तोफा लागतात तशी शांतपणे बसून विचार करणारी माणसंही लागतात. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. २०२० मध्ये त्या संस्थेला मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं.

पहिले संचालक मेजर जनरल सोम दत्त. सुब्रह्मण्यम १९६६-६७ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सामरिक विषयांचा अभ्यास करून आले आणि १९६८ मध्ये संचालक झाले. वय एकोणचाळीस. त्या वयाचा आयएएस अधिकारी कुठल्या खुर्चीकडे डोळे लावून बसलेला असतो हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्याकडे अशा नेमणुकीला साइड पोस्टिंग म्हणतात. म्हणजे दिवा नाही, शिपायांची रांग नाही, बदल्यांसाठी येणारी माणसं नाहीत. ग्रंथालय, जगभरची नियतकालिकं, काही तरुण अभ्यासक आणि वाद. गुप्त कागद हाती नसतात, जे उघड छापून आलेलं आहे त्यातूनच अर्थ लावायचा. दुसऱ्याला शिक्षा वाटेल अशी जागा त्यांनी १९६८ ते १९७५ आणि पुन्हा १९८० ते १९८७ अशी दोनदा मिळून चौदा वर्षं सांभाळली.

दुसऱ्या वेळची गोष्ट तर अशी की ते जनता सरकारच्या काळात संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष होते, मग संरक्षण उत्पादन खात्याचे सचिव झाले. १९८० मध्ये सत्ता बदलली आणि इंदिरा गांधींनी ज्या सचिवांना हटवलं त्यात आपले वडील पहिले होते, असं जयशंकरांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं. पुढे त्यांच्याहून कनिष्ठ अधिकारी कॅबिनेट सचिव झाला, हेही. सचिवपदावरून काढलेला माणूस परत संस्थेत आला, परत लिहायला बसला. त्या सकाळी त्यांनी टेबलावर काय ठेवलं असेल, पहिला लेख कशावर लिहिला असेल, याचा विचार मी पूर्वीही केला आहे आणि त्या रात्रीही केला. अपमान गिळून माणसं कामाला लागतात हे आपण कौतुकाने सांगतो. गिळलेलं पोटात किती दिवस राहतं ते कुणी सांगत नाही.

मला झोप न येण्याचं खरं कारण मात्र दुसरंच होतं.

१९७१ साली मी पाचवीत होते. वडील पोस्टात. नोव्हेंबरच्या मध्यापासून टपालावर पाच पैशांचं एक जादा तिकीट लावायचा नियम आला, पूर्व बंगालमधून, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून, आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी. सुरुवातीला इतकी घाई होती की कुटुंब नियोजनाच्या तिकिटांवरच नवी अक्षरं छापून ती वापरात आणली. सुखी छोट्या कुटुंबाच्या चित्रावर काळी अक्षरं. मी खिडकीच्या आतल्या बाजूला, वडिलांच्या स्टुलाजवळ उभी असे. डिंकाचा वास, शिक्क्याचा ठक ठक आवाज. एकदा एक म्हातारी आली, मुलाला पत्र टाकायचं होतं. वडील म्हणाले, "आजी, पाच पैसे जादा, निर्वासितांसाठी." ती म्हणाली, "म्हंजी कोन?" वडिलांनी हातातला शिक्का खाली ठेवला आणि सांगितलं, "घर सोडून आलेली माणसं." म्हातारीने कनवटीचं एक गाठोडं सोडलं, त्यातलं दुसरं गाठोडं सोडलं आणि पाच पैसे काढून ठेवले. निर्वासित शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. पुढे कळलं की ती माणसं एक कोटीच्या घरात होती.

आणि त्याच वर्षाच्या मार्चअखेर, निर्वासितांचे लोंढे नुकते सुरू होत होते तेव्हा, दिल्लीतल्या एका परिसंवादात सुब्रह्मण्यम म्हणाले होते की पाकिस्तानचं तुटणं आपल्या हिताचं आहे आणि अशी संधी पुन्हा येणार नाही.

संधी. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पान मिटून ठेवलं होतं. ज्या माणसाच्या शांत, कोरड्या लिहिण्यावर माझी श्रद्धा होती, त्याने एवढ्या मोठ्या आकांताकडे बघून हा शब्द वापरला. मी अनेक वर्षं स्वतःला समजावलं की सामरिक अभ्यासकाची भाषाच तशी, शल्यविशारद रक्ताकडे बघतो तशी. त्यांचं म्हणणं विचारपूर्वक होतं हेही खरं. निर्वासितांचा भार वर्षानुवर्षं वाहण्यापेक्षा हस्तक्षेप परवडेल, आणि तो त्या लोकांसाठीही सुटकेचा असेल, असा त्यामागचा हिशेब होता. डिसेंबरमध्ये युद्ध होऊन बांगलादेश झाला, त्याने दिशा बरोबर ठरली. वेळेबद्दल मात्र वाद आहे. ते लवकर कृती करा म्हणत होते, आणि सेनाप्रमुख माणेकशांनी तयारीसाठी वेळ मागून घेतला. पावसाळ्यात, त्या नद्यांच्या प्रदेशात सैन्य रुतलं असतं, असं जाणकार सांगतात. म्हणजे त्यांचा सल्ला जसाच्या तसा मानला नाही हे कदाचित बरंच झालं. सल्ला देणारा दर वेळी बरोबर असतो असं मी मानत नाही. मी स्वतः एका कालव्याच्या भिंतीबद्दल ठामपणे लिहिलेली टिपणी वरिष्ठांनी बाजूला ठेवली होती, आणि ते योग्य होतं हे मला चार वर्षांनी कळलं.

पण संधी हा शब्द टोचतो तो या हिशेबासाठी नाही. तो टोचतो कारण तो माझ्याही तोंडी येऊन गेला आहे.

डोंगरातल्या एका वाडीकडे जाणारा छोटा पूल होता. एका उन्हाळ्यात तपासणीला गेले तेव्हा मधल्या खांबाच्या पायाखालची माती धुपलेली दिसली. वाकून हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. आत गार, ओलं, आणि बोटांना कसलाच आधार नाही. त्या संध्याकाळीच टिपणी लिहिली. मोजमापं, आकृती, अंदाजे खर्च, पावसाळ्यापूर्वी काम व्हावं अशी शिफारस. मंजुरीस्तव सादर. फाईल तीन टेबलं फिरली आणि समासात एक शेरा घेऊन परत आली, "चर्चा करावी." चर्चेला मी दोनदा गेले. साहेब दोन्ही वेळा बैठकीत होते. पाऊस आला. पुढच्या वर्षी मी तीच टिपणी पुन्हा सादर केली, त्यावर शेरा आला की पुढील अंदाजपत्रकात विचार करावा. तिसऱ्या वर्षी मी लिहिली नाही. हे इथे लिहिताना हात जड होतो, पण तिसऱ्या वर्षी मी लिहिली नाही. माझी बदलीही झाली होती, पण बदली झालेला माणूसही पत्र लिहू शकतो.

चौथ्या पावसाळ्यात पूल गेला. वाडीतल्या एका बाळंतिणीला डोलीत घालून माणसांनी डोंगराच्या वळशाने चार तास चालत खाली आणलं. बाई वाचली.

बाळ नाही.

चौकशी लागली तेव्हा जुनी फाईल निघाली आणि मला बोलावणं आलं. चौकशी अधिकाऱ्यांनी पान उघडून माझ्यासमोर धरलं, माझंच अक्षर, माझीच आकृती. म्हणाले, "बाई, हे तुम्ही लिहिलं होतंत? सगळं असंच झालंय." आणि त्या क्षणी माझ्या छातीत जे उसळलं ते दुःख नव्हतं. तो आनंद होता. मी म्हटलं होतं ना! खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते आणि ज्यांनी शेरे मारले त्यांच्या माना खाली होत्या. आता ऐकतील आपलं, हीच संधी आहे, असं मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले. अगदी हाच शब्द. तो काही बोलला नाही. ताटात वाढत होता, त्याने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं.

त्याच काळात कारगिल झालं. मेपासून जुलैपर्यंत घराघरात टीव्हीसमोर माणसं बसलेली होती, आणि जुलैच्या अखेरीला सरकारने चौकशीसाठी समिती नेमली, अध्यक्ष के. सुब्रह्मण्यम. सोबत पत्रकार बी. जी. व्हर्गीज, लेफ्टनंट जनरल के. के. हजारी आणि सदस्य-सचिव सतीश चंद्र. सुब्रह्मण्यम तेव्हा सत्तरीत होते. ज्या यंत्रणेबद्दल त्यांनी इतकी वर्षं लिहिलं, ज्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे ते वीस वर्षांपूर्वी अध्यक्ष होते, तिचीच कागदपत्रं त्यांच्यासमोर आली. म्हणजे माझ्यासमोर चौकशी अधिकाऱ्याने धरलं तसंच पान, फक्त अख्ख्या देशाचं. आणि या पानाच्या पलीकडे पाचशेहून अधिक जवान गेलेले.

अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला, पुस्तकरूपानेही आला. मी तो मागवून घेतला. सुरक्षेच्या कारणाने काढून टाकलेल्या मजकुराच्या जागी त्यात फुल्या आहेत. वाचत वाचत जावं आणि एकदम ओळीच्या ओळी गायब, नुसत्या फुल्या. मी तो पुढे अनेकदा वाचला आहे. स्वातंत्र्यावेळी आखून दिलेली सुरक्षेची चौकट ५२ वर्षांत फारशी बदललीच नाही, असं त्यात म्हटलं आहे. राजकीय नेतृत्व, नोकरशाही, लष्कर आणि गुप्तचर यंत्रणा, सगळ्यांनाच आहे ते तसंच राहण्यात रस निर्माण झाला आहे, असंही आहे. आपल्या गुप्तवार्तांची मोट बांधणाऱ्या समितीच्या मताला वरच्या पातळीवर वजनच उरलेलं नव्हतं, हेही आहे. या प्रत्येक वाक्याच्या आधी "मी म्हटलं होतं" लिहायचा मोह कुणालाही झाला असता. मी तो शब्द शोधत वाचला. मुद्दाम शोधला. कुठे नाही. सगळीकडे "समिती", समितीचं मत, समितीची शिफारस. माझ्या तोंडून जे उसळून बाहेर आलं होतं, ते या माणसाने इतक्या पानांत एकदाही येऊ दिलं नाही.

त्यावरून सरकारने मंत्रिगट बसवला. मंत्रिगटाने २००१ मध्ये तिन्ही सैन्यदलांसाठी एक प्रमुख नेमावा अशी शिफारस केली. काही गोष्टी लवकर झाल्या, ही मात्र राहिली. तो पहिला प्रमुख प्रत्यक्षात १ जानेवारी २०२० ला कामावर रुजू झाला. सुब्रह्मण्यम २ फेब्रुवारी २०११ ला गेले होते. फाईल समासात शेरे घेत एकोणीस वर्षं फिरली म्हणायची.

त्यांच्या काही मतांशी माझं कधीच जमलं नाही. चीनने १९६४ मध्ये अणुस्फोट केला त्यानंतरच्या वर्षांपासून ते भारताकडे हे अस्त्र असावं या बाजूने लिहीत आले. मे १९९८ मध्ये पोखरणची बातमी आली त्या दिवशी आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. मी हातात घेतला आणि खाता आला नाही, रुमालात गुंडाळून ठेवला, दुसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या होत्या. पण पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या निमंत्रकपदाखाली राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाने जो अण्वस्त्र धोरणाचा मसुदा काढला, त्याचा कणा होता प्रथम वापर नाही आणि लागेल तेवढंच. हे अस्त्र लढण्यासाठी नाहीच, ते समोरच्याला थांबवण्यापुरतं आहे, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. मला ते पूर्ण पटत नाही. तरी ज्याने अस्त्र मागितलं त्यानेच त्याच्याभोवती कुंपणही घालायला सांगितलं, याचा मान मी ठेवते.

आणि १९९९ मध्येच त्यांना पद्मभूषण जाहीर झालं होतं. त्यांनी ते नाकारलं. नोकरशहाने आणि पत्रकाराने सरकारी पुरस्कार घेऊ नये, एवढंच कारण. ज्याला उद्या सरकारला नको ते सांगायचं आहे, त्याने आज सरकारच्या हातून शाल घेऊ नये, असा मी त्याचा अर्थ लावते.

रात्रीचे दोन वाजून गेले होते. मी उठून पाणी प्यायले आणि खिडकीशी बसले. त्यांच्या निधनानंतर अनेकांनी त्यांना भारतीय सामरिक विचारांचे भीष्म पितामह म्हटलं. मला ती उपमा कधी बसलेली वाटली नाही. भीष्म सिंहासनाला बांधलेले होते, द्रौपदीच्या वेळी गप्प बसले. मला आठवतो तो विदुर. उद्योगपर्वात धृतराष्ट्राला झोप येत नाही, तो रात्री विदुराला बोलावून घेतो. विदुर रात्रभर सांगतो. राजा सगळं ऐकतो, आणि शेवटी म्हणतो की तुझं मला पटतं रे, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी पुन्हा फिरते. लहानपणी हे ऐकताना मला राजाचा राग यायचा. आता त्या पहाटेला दालनातून एकटा बाहेर पडणाऱ्या विदुराचा विचार येतो. युद्ध झालं, शंभरच्या शंभर गेले, त्याचा शब्दन् शब्द खरा झाला. त्याला काय वाटलं असेल?

सुब्रह्मण्यम यांच्या आयुष्यातला एक प्रसंग असा आहे जिथे वडील आणि मुलगा हे नातं खरंच मध्ये येतं, आणि तो सांगायलाच हवा. २४ ऑगस्ट १९८४ ला इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवलं गेलं, लाहोर, कराची करत दुबईला नेलं. दिल्लीत त्या प्रकरणावर काम करणाऱ्या चमूत तरुण जयशंकर होते. घरी फोन करून त्यांनी सांगितलं की आज येता येणार नाही, लहान मुलाला तुम्हीच भरवा, विमान पळवलंय. आणि मग कळलं की त्याच विमानात वडील आहेत. चाळीस वर्षांनी, २०२४ मध्ये, जिनिव्हात त्यांनी हे सांगितलं. एका बाजूला सरकारतर्फे बोलणी बघायची, दुसऱ्या बाजूला सरकारवर दबाव आणणाऱ्या कुटुंबांपैकी आपणही एक. सगळे सुखरूप सुटले. पण मी विमानातल्या त्या पंचावन्न वर्षांच्या माणसाचा विचार करते. देशाने अशा वेळी काय करावं, किती वाकावं, किती ताठ राहावं, यावर ज्याने आयुष्यभर इतरांना सल्ला दिला, तो आता त्या सल्ल्याच्या आत, एका खुर्चीत पट्टा बांधून बसला होता. तेव्हा त्यांना १९७१ च्या निर्वासितांचे पंचाहत्तर लाख, एक कोटी, असे आकडे आठवले असतील का? आकड्यातला प्रत्येक जण असाच कुठेतरी बसलेला असतो.

पहाटे कधीतरी डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लवकर गेले, तिसऱ्या रांगेत बसले. तोच मांडव, तेच पंखे, सडा आज थोडा जास्त झाला होता आणि चपला चिकटत होत्या. वक्ते पुन्हा छान बोलले. मी पर्समधली कालची चिठ्ठी काढली, घडी उलगडली आणि "स्वतः काय केलं" हे खोडलं. त्याच्या खाली लिहिलं, "त्यांनी १९७१ ला संधी म्हटलं आणि कारगिलच्या अहवालात 'मी म्हटलं होतं' असं एकदाही येऊ दिलं नाही. ही दोन्ही माणसं एकच कशी, यावर बोलाल का?" वाचून बघितलं. प्रश्न नीट झाला नव्हता, पण माझा होता. अध्यक्षांनी चिठ्ठ्या मागितल्या तेव्हा पुढच्या खुर्चीवरच्या मुलाच्या खांद्याला हात लावून ती दिली. त्याने पुढे दिली, पुढच्याने आणखी पुढे. स्वयंसेवकाने ती स्टेजवर नेली. अध्यक्षांनी चष्मा नाकावर सरकवून वाचली, एकदा समोर श्रोत्यांकडे बघितलं, पुन्हा वाचली, घड्याळात बघितलं आणि इतर चिठ्ठ्यांबरोबर ती पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली. पंख्याच्या वाऱ्याने तिचा कोपरा फडफडत होता. मी बसून राहिले.